राजा सर टी. माधवराव

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीच्या खोऱ्यात तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. त्यांच्याबरोबर व त्यांच्यामागून देशावरची अनेक मराठी कुटुंबे दक्षिणेत गेली आणि तिकडचीच झाली. ही मंडळी बाजारात तमिळ बोलत, कचेरीत मोडी लिहीत आणि घरात मराठी बोलत. हिशेब, जमाबंदी व पत्रव्यवहार यांत त्यांचा हातखंडा असे. त्यामुळे तंजावरबाहेरच्या दरबारांतही त्यांना मानाच्या जागा मिळत. इंग्रजांचा अंमल बसल्यावर मद्रास इलाख्यातील महसूल कचेऱ्यांत याच कुटुंबांतील शिरस्तेदार आणि कारकून मोठ्या संख्येने दिसू लागले. अशा एका देशस्थ घराण्यात २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. नावाआधीचे टी हे अक्षर तंजावरचे. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानची दिवाणगिरी केलेली होती. राज्यकारभाराच्या गोष्टी लहानपणापासून माधवरावांच्या कानांवर पडत होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचे शिक्षण मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत झाले. तेथे १८४१ मध्ये सरकारी हायस्कूल सुरू झाले होते. हीच शाळा पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज म्हणून नावारूपास आली. तिचे प्रमुख पॉवेल हे केंब्रिजला शिकलेले गणिती होते. त्यांच्या हाताखाली दक्षिणेतील कर्त्या पुरुषांची एक पिढीच घडली. माधवराव त्यांचे अत्यंत आवडते विद्यार्थी. गणित व खगोलशास्त्र हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय होते. बाजारातून भिंगे विकत आणून ती बांबूच्या नळीत बसवून ते दुर्बिणी तयार करीत असत, असे सांगतात. १८४६ मध्ये त्यांनी शाळेची अखेरची परीक्षा उत्तम रीतीने पार केली, काही काळ तेथेच गणित शिकविले आणि मग मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. आकड्यांवर प्रेम करणारा हा तरुण त्या कचेरीतच निवृत्त झाला असता, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांसाठी इंग्रजी जाणणाऱ्या शिक्षकाची गरज निर्माण झाली आणि निवड एकवीस वर्षांच्या माधवरावांची झाली.

चार वर्षे त्यांनी राजपुत्रांना शिकविले. त्यांतील आयिल्यम तिरुनाळ व विशाखम तिरुनाळ हे दोघेही पुढे त्रावणकोरच्या गादीवर आले. विशाखम तिरुनाळ तर विद्वान लेखक आणि वनस्पतींचे जाणकार म्हणून ओळखले गेले. केरळच्या गोरगरिबांच्या ताटात टॅपिओका हे कंद रुजविण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. शिकवणी संपल्यावर माधवराव संस्थानच्या महसूल खात्यात आले आणि लवकरच दक्षिण विभागाचे दिवाण पेशकार झाले. जिल्ह्याचा कारभार एका हाती आल्यावर राज्याची खरी स्थिती त्यांना जवळून दिसली.

ही स्थिती भयावह होती. राजाच्या खजिन्यात पैसा नव्हता. नोकरांचे पगार महिनोन्महिने थकलेले होते. पगार न मिळालेला कारकून प्रजेकडून वसूल करतो, हे सांगावयास नकोच. इंग्रजांना दरवर्षी सुमारे आठ लाख रुपये खंडणी द्यावी लागे, ती वेळेवर जात नसे. १८५५ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या सरकारने त्रावणकोरला स्पष्ट इशारा दिला. कारभार सुधारला नाही, तर राज्य कंपनीच्या ताब्यात जाईल, असा त्याचा आशय होता. हा इशारा पोकळ नव्हता. त्याच वर्षी तंजावरचे शेवटचे राजे पुत्रसंतानाविना निवर्तले आणि ते राज्य कंपनीने बुडविले. ज्या दरबाराच्या आश्रयाने माधवरावांचे पूर्वज दक्षिणेत स्थिरावले होते, तो दरबार त्यांच्या डोळ्यांदेखत संपला. पुढच्याच वर्षी गैरकारभाराचे कारण दाखवून अयोध्येचे राज्य खालसा झाले. अशा वेळी, १८५७ च्या अखेरीस, त्रावणकोरचे दिवाण कृष्णराव यांचे निधन झाले आणि माधवरावांकडे दिवाणगिरी आली. १८५८ मध्ये ती कायम झाली. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आत होते. महाराज उत्रम तिरुनाळ यांच्यानंतर १८६० मध्ये आयिल्यम तिरुनाळ गादीवर बसले आणि गुरू दिवाण व शिष्य महाराज असा योग जुळून आला.

दिवाणाचे काम किती अवघड असते, याची कल्पना यावी म्हणून इंग्लंडच्या इतिहासाकडे क्षणभर पाहू. सोळाव्या शतकात ट्यूडर घराण्यातील आठवा हेन्री याच्या पदरी वुल्झी व क्रॉमवेल हे दोन सर्वाधिकारी मंत्री होऊन गेले. राजाची मर्जी फिरताच पहिल्याला मानहानी सोसून मरावे लागले. दुसऱ्याचा १५४० मध्ये शिरच्छेद झाला. त्याच घराण्यातील एलिझाबेथ राणीचा सल्लागार विल्यम सेसिल याने मात्र चाळीस वर्षे राणीचा विश्वास सांभाळला. या तिघांनाही एकच धनी होता. हिंदी संस्थानच्या दिवाणाला दोन धनी असत. सिंहासनावर महाराज आणि त्यांच्या शेजारच्या कोठीत ब्रिटिश रेसिडेंट. महाराजांचे मन राखावे तर रेसिडेंट कलकत्त्याला लिहिणार. रेसिडेंटचे ऐकावे तर दरबारात दिवाण फितूर ठरणार. दिवाणाचे डोके उडण्याची भीती नव्हती हे खरे. परंतु त्याच्या एका चुकीने सबंध राज्य उडण्याची भीती होती.

माधवरावांनी सुरुवात खजिन्यापासून केली. त्या काळी त्रावणकोरचे उत्पन्न बरेचसे मक्तेदारीवर अवलंबून होते. मिरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने आपले पीक सरकारी कोठारात सरकार ठरवील त्या भावाने घातलेच पाहिजे, असा नियम होता. सरकार तेच पीक चढ्या भावाने व्यापाऱ्यांना विकत असे. शेतकऱ्याच्या हाती पडे थोडे, आणि तेही उशिरा. तंबाखूचा प्रकार याच्या उलट होता. तो बाहेरून आणून विकण्याचा अधिकार फक्त सरकारला होता. किंमत इतकी जबर असे की डोंगरातील वाटांनी चोरटा तंबाखू आणण्याचा मोठा धंदाच उभा राहिला होता. चोरी होते म्हणून पहारे ठेवावयाचे, पहारेकऱ्यांनी लाच खावयाची, आणि लाच द्यावी लागते म्हणून चोरट्या मालाची किंमतही वाढावयाची, असे हे चक्र होते. ॲडम स्मिथ व मिल यांचे अर्थशास्त्र वाचलेल्या दिवाणाला यातील दोष कळण्यास वेळ लागला नाही. अडचण निराळीच होती. ज्या राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे, त्याने आपले सर्वांत भरवशाचे उत्पन्न सोडावयाचे कसे?

माधवरावांनी हे काम घाईने केले नाही. १८६० मध्ये मिरीची मक्तेदारी उठवून तिच्या जागी निर्यातीवर जकात बसविली. १८६३ मध्ये तंबाखूची मक्तेदारी गेली व आयातीवर जकात आली. लोकांना जाचणाऱ्या पण खजिन्यात फारशी भर न घालणाऱ्या कित्येक किरकोळ पट्ट्या रद्द केल्या. १८६५ मध्ये ब्रिटिश सरकार, कोचीन व त्रावणकोर यांच्यात करार होऊन सरहद्दीवरील बहुतेक जकात नाकी बंद झाली. व्यापार मोकळा झाला तशी मालाची ये-जा वाढली आणि कमी दराने अधिक वसूल होऊ लागला. १८६३ पर्यंत राज्याचे सार्वजनिक कर्ज फिटले. पगार वेळेवर मिळू लागले. ते पुरेसेही असावेत, यावर दिवाणांचा कटाक्ष होता. न्यायाधीशाला पोटापुरता पगार न देता त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करणे त्यांना अन्यायाचे वाटे. राज्याच्या जमाखर्चाचा वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध करण्याची प्रथाही त्यांनी रुजविली. राजाचा खर्च प्रजेला वाचता यावा, ही गोष्ट तेव्हाच्या संस्थानांत अगदी नवी होती.

या यशाच्या बरोबरीने एका काळ्या प्रकरणाचा उल्लेख करावयास हवा. ते माधवरावांच्या कारकिर्दीच्या आरंभीच घडले. त्रावणकोरच्या दक्षिण भागात शाणार, म्हणजे आजचा नाडार समाज, ताडीच्या झाडांवर आपली उपजीविका करी. या व इतर खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रियांनी वरिष्ठ जातींच्या लोकांपुढे छाती झाकू नये, अशी अमानुष रूढी तेथे होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांमुळे शाणार समाजात शिक्षण आले, स्वाभिमान आला आणि स्त्रिया अंगभर वस्त्र घेऊ लागल्या. वरिष्ठ जातींना ते सहन झाले नाही. १८५८ च्या अखेरीस नागरकोविलच्या परिसरात दंगे उसळले. स्त्रियांच्या अंगावरील वस्त्रे फाडण्यात आली. घरे, शाळा व प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. या वेळी दिवाणांनी काढलेल्या जाहीरनाम्यात दोन्ही पक्षांनी शांतता राखावी आणि पूर्वापार चाल मोडू नये, असा आदेश होता. जुलूम होत होता तो त्या चालीनेच, आणि चाल राखा म्हणणे म्हणजे जुलूम करणाऱ्याच्या बाजूस उभे राहणे होते. अखेर मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी दडपण आणले आणि २६ जुलै १८५९ रोजी दुसरा जाहीरनामा निघाला. त्यान्वये शाणार स्त्रियांना झंपर घालण्याची किंवा जाडेभरडे वस्त्र अंगावर घेण्याची मुभा मिळाली. मात्र उच्च जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेऊ नये, ही अट राहिलीच. मिरी आणि तंबाखूच्या बाबतीत शतकानुशतकांची चाल निर्धाराने मोडणारे माधवराव येथे कचरले. दरबार, देवस्थान आणि जमीनदार यांना एकाच वेळी दुखवून नवा दिवाण टिकला नसता, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. ज्यांची वस्त्रे फाडली गेली, त्यांना या युक्तिवादाचा काय उपयोग?

शेतकऱ्यांच्या बाबतीत त्यांचे पाऊल पुष्कळच धीट पडले. त्रावणकोरमधील जमिनीचा मोठा भाग सरकारी मालकीचा असून कुळे ती खंडाने कसत. पिढ्यानपिढ्या घाम गाळूनही जमीन त्यांची नव्हती. २ जून १८६५ च्या जाहीरनाम्याने या कुळांना जमिनीची मालकी मिळाली. ठरलेला सारा भरला की ती विकण्याचा, गहाण ठेवण्याचा आणि वारसांना देण्याचा पूर्ण अधिकार त्यांना प्राप्त झाला. त्रावणकोरच्या शेतकऱ्यांची मॅग्ना कार्टा असे या जाहीरनाम्याला पुढे म्हटले जाऊ लागले.  १८६७ मध्ये खासगी जमीनदारांच्या, म्हणजे जन्मींच्या, कुळांनाही मनमानी बेदखलीपासून संरक्षण देण्यात आले.

रस्ते, पूल, कालवे, इस्पितळे, शाळा यांची यादी लांबलचक आहे. ती येथे देत नाही. तिरुवनंतपुरममधील शाळेला १८६६ मध्ये महाविद्यालयाचे रूप आले. विल्यम बार्टन या अभियंत्याने बांधलेली हुजूर कचेरी १८६९ मध्ये पुरी झाली. केरळ सरकारचे सचिवालय याच पांढऱ्याशुभ्र इमारतीत भरते. ब्रिटिश पार्लमेंटचे अंध सभासद व अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांनी माधवरावांची तुलना फ्रान्सचा सुधारक अर्थमंत्री तुर्गो याच्याशी केली. १८६६ मध्ये आयिल्यम तिरुनाळ यांना महाराज हा किताब आणि माधवरावांना सर ही पदवी मिळाली.

परंतु शिष्य मोठा झाला म्हणजे गुरूचा अधिकार त्याला जाचू लागतो. महाराज व दिवाण यांच्यात गैरसमज वाढत गेले आणि १८७२ मध्ये माधवराव त्रावणकोर सोडून मद्रासला परतले. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा त्यांना देऊ करण्यात आली; ती त्यांनी नाकारली. हिंदुस्थानच्या अर्थकारणाविषयी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला बोलावणे आले, तेही त्यांनी समुद्रपर्यटन निषिद्ध म्हणून मानले नाही. मिल वाचणारा हा मनुष्य समुद्र ओलांडावयास तयार नव्हता. त्या पिढीतील अनेक थोर पुरुषांच्या ठिकाणी असे दोन काळ एकत्र नांदत होते. १८७३ मध्ये इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना दिवाण म्हणून बोलावून घेतले. दक्षिणेत वाढलेले माधवराव प्रथमच मराठी राजाच्या सेवेत रुजू झाले. तेथे त्यांना दोनच वर्षे मिळाली, कारण बडोद्यात मोठे वादळ झाले होते.

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये गादीवर आले होते. त्यांच्या राजवटीत वसुलीचे इजारे लिलावाने दिले जात. इजारदार आपली रक्कम दामदुपटीने शेतकऱ्याकडून उकळी. नजराणा दिल्याशिवाय न्यायही मिळत नसे. दुसरीकडे सोन्याच्या तोफा ओतल्या जात होत्या. दादाभाई नौरोजी यांनी दिवाण म्हणून कारभार सुधारण्याचा प्रयत्न केला. पण त्यांना अवघे एक वर्षही काम करता आले नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशी मंडळात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. हिंदी सभासदांत शिंदे व जयपूर येथील महाराज आणि ग्वाल्हेरचे विख्यात दिवाण सर दिनकरराव राजवाडे यांचा समावेश होता. इंग्रज सभासदांनी दोषी ठरविले. हिंदी सभासदांना पुरावा पुरेसा वाटला नाही. तेव्हा सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूस ठेवला, गैरकारभाराचे कारण दाखवून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला स्थानबद्ध करून पाठविले. मे महिन्यात माधवराव बडोद्यास दिवाण म्हणून आले. एक गायकवाड मद्रासला जात होते, आणि मद्रासचा मराठी दिवाण गायकवाडांच्या राजधानीत येत होता.

त्याच महिन्यात खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. शेतात वाढलेला आणि अक्षरओळख नसलेला हा मुलगा म्हणजेच पुढील सयाजीराव महाराज. ते वयात येईपर्यंत राज्याची जबाबदारी माधवरावांवर होती. त्यांनी इजाऱ्याची पद्धत बंद केली आणि राज्याचे कडी, बडोदा, नवसारी व अमरेली असे चार प्रांत करून त्यांवर सुभे नेमले. सुभ्यांच्या हाताखाली वहिवाटदार आले. न्यायखाते महसूल खात्यापासून वेगळे झाले. ठिकठिकाणी न्यायालये स्थापन झाली आणि त्यांवर वरिष्ठ कोर्ट आले. शेतसारा हलका झाला. मागील दोन राजवटींत सावकार, जवाहिरे, सरदार आणि शिलेदार यांचे दावे डोंगराएवढे साचले होते. ते एकेक तपासून मिटविणे हे या सर्वांत कंटाळवाणे आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे काम होते. त्यातून राज्याची पत सावरली. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात माधवरावांना राजा हा किताब देण्यात आला.

बाल महाराजांना इंग्रज शिक्षक एलियट हे शिकवीत होते. अधिकार हाती येण्याआधी, १८८१ मध्ये, दिवाणांनी स्वतः त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. मायनर हिंट्स या नावाने ती छापलेली आहेत. राजकारणावरचे जाडजूड सिद्धान्त त्यांत नाहीत. राजाने तोंडपुज्यांना कसे ओळखावे, एकाच्या पाठीमागे दुसऱ्याने केलेली चहाडी कशी ऐकू नये, नाही म्हणण्याची वेळ आली तर ते गोड शब्दांत कसे म्हणावे, वाड्याचा खर्च आणि राज्याचा खर्च वेगळा का ठेवावा, न्यायालयाच्या कामात हात का घालू नये, ब्रिटिश सरकारशी वागताना कोठे झुकावे आणि कोठे तहाच्या कलमावर बोट ठेवून उभे राहावे, अशा रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी त्यांत आहेत. प्रजेचे सुख हा या सर्वांचा पाया आहे. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मराठी राज्याची नीती सांगितलेली आहे. पण ते पुस्तक किल्ले आणि आरमार बाळगणाऱ्या स्वतंत्र राज्याचे आहे. माधवराव ज्या राजाला शिकवीत होते, त्याचे हात तहाने बांधलेले होते. बांधलेल्या हातांनी किती भले करता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर त्रावणकोरातील कथेचीच पुनरावृत्ती झाली. तरुण महाराज स्वतंत्र बुद्धीचे होते. अफू व मीठ यांच्याबाबत माधवरावांच्या कारकिर्दीत ब्रिटिशांना ज्या सवलती दिल्या गेल्या, त्या त्यांना संस्थानच्या हिताच्या वाटत नव्हत्या. दिवाणांनी दक्षिणेतून आणलेल्या अधिकाऱ्यांविषयीही कुरबुर होती. १८८२ मध्ये माधवरावांनी दिवाणगिरी सोडली. सयाजीरावांनी पुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये आणि सामाजिक कायदे यांत जे नाव मिळविले, ते माधवरावांच्या पलीकडचे होते. त्यासाठी लागणारी सुरळीत कचेरी आणि भरलेला खजिना मात्र त्यांना तयार मिळाला होता.

बडोद्याच्या या काळातील आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिरुवनंतपुरमच्या दरबारात आयिल्यम तिरुनाळ यांच्या आश्रयाने चित्रकला शिकणारा रविवर्मा हा तरुण माधवरावांनी जवळून पाहिलेला होता. सयाजीरावांच्या राज्यारोहणाच्या सुमारास त्यांच्याच ओळखीने रविवर्मा बडोद्यास आले आणि त्यांच्या चित्रकारितेचा नवा अध्याय सुरू झाला. १८८४ मध्ये माधवरावांनी रविवर्मांना पत्र लिहून एक कल्पना सुचविली. चित्रांना इतकी मागणी आहे की एका हाताने ती पुरी होणे शक्य नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्यात, अशी ती सूचना होती. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईतच छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. महाराष्ट्रातील घराघरांत जी लक्ष्मी आणि सरस्वती भिंतीवर विराजमान झाली, तिच्यामागे या मुत्सद्द्याचे एक पत्र आहे.

निवृत्तीनंतर माधवराव मद्रासच्या मैलापूर भागात राहू लागले. मल्हारराव गायकवाडांचा त्याच शहरात १८८२ मध्येच स्थानबद्धतेत अंत झाला. माधवरावांचा वेळ वाचनात आणि लेखनात जाई. हर्बर्ट स्पेन्सर हा त्यांचा आवडता लेखक होता. वर्तमानपत्रांतून ते नाना विषयांवर लिहीत. मुलांच्या संगोपनावर त्यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. बालविवाहाला त्यांचा विरोध होता आणि स्त्रीशिक्षणाचा ते आग्रह धरीत. डिसेंबर १८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी आणि स्वागत समितीचे अध्यक्ष माधवराव होते. सरकारी मानमरातब मिळविलेल्या वृद्ध दिवाणाने काँग्रेसच्या व्यासपीठावर उभे राहावे, याला त्या वेळी मोठा अर्थ होता. पण कायदेमंडळाच्या सुधारणेविषयी त्यांचे काँग्रेसशी पटले नाही आणि १८८९ मध्ये ते बाजूस झाले. लोकांसाठी राज्य चालविण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. लोकांनी राज्य चालवावे, या मागणीची घाई त्यांना मानवली नाही.

डिसेंबर १८९० मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापूर येथे वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. तिरुवनंतपुरमच्या नागरिकांनी सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा उभारला. तुम्ही कधी त्या शहरात गेलात आणि बसच्या वाहकाला स्टॅच्यू एवढेच सांगितलेत, तर तो तुम्हाला याच पुतळ्यापाशी उतरवील. तेथील लोक त्या चौकाला आजही स्टॅच्यू म्हणूनच ओळखतात.